थ्रिफ्ट स्टोअरमध्ये जुने व्हिडिओ गेम घेताना या चुका टाळा

सांगलीला आमच्या घरी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. कॅसेट लागली नाही की दादा ती उपसायचा, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायचा आणि पुन्हा खोचायचा. बऱ्याचदा चालायची. आता न्यू जर्सीत थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे दानात आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात, निन्टेन्डोची जुनी कॅसेट हातात आली की पहिली आठवते ती ती फुंकरच. पण मारू नका. तोंडातली वाफ आतल्या धातूच्या पट्ट्यांवर बसते आणि हळूहळू त्या गंजतात. तेव्हा कॅसेट चालायची ती काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीचा त्यात काही हात नव्हता.

लहानपणी जे परवडलं नाही ते इथे पाच-दहा डॉलरला दिसतं आणि हात शिवशिवतात. गेली सात-आठ वर्षं मी मुलाला घेऊन शनिवारी सकाळी अशी दुकानं पालथी घालते आहे. त्यात जे पैसे गेले आणि जे शिकायला मिळालं, ते इथे लिहिते.

जुनं म्हणजे महाग असं धरून चालणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती गिऱ्हाईक करतं तशी किंमत लावणारा दुकानदारही करतो. अटारी २६०० या जुन्या यंत्रावरचा १९८२ सालचा 'ई.टी.' घ्या. गेम इतका पडला आणि माल इतका उरला, की १९८३ मध्ये न विकलेल्या कॅसेटा न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराडेपोत पुरल्या गेल्या. २०१४ मध्ये तिथे खोदकाम झालं आणि त्या खरोखर सापडल्या. एवढा गाजलेला, चाळीस वर्षांहून जुना गेम, तरी त्याची सुटी कॅसेट आजही अगदी स्वस्तात मिळते, कारण बाजारात तिचे ढीग आहेत. सुपर मारिओ आणि डक हंट एकत्र असलेली राखाडी कॅसेट अशीच: निन्टेन्डोच्या 'एनईएस' या यंत्रासोबतच ती घरोघरी गेली होती. दर वर्षी नव्याने येणारे फुटबॉलचे आणि बास्केटबॉलचे गेम तर कुणी फुकट दिले तरी विचार करून घ्या.

भाव चढतो तो तेव्हा फारसा न खपलेल्या, पण आज लोकांना हव्या असलेल्या गेमचा. सुपर निन्टेन्डोवरचा 'अर्थबाउंड' १९९५ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा विकला गेला नाही. आज त्याची नुसती कॅसेट शेकडो डॉलरला जाते. प्लेस्टेशन २ ची यंत्रं जगभर १५ कोटींहून जास्त खपली, त्यामुळे त्याचे बहुतेक गेम कवडीमोल आहेत. पण त्याच शेल्फवर, त्याच निळ्या-काळ्या डब्यांच्या रांगेत २००६ चा 'रूल ऑफ रोझ' दिसला तर हातातलं सगळं खाली ठेवा. यंत्राची सद्दी संपत आली असताना आलेले आणि थोड्याच प्रती निघालेले गेम ओळखता यायला लागले, की शेल्फ वाचायला वेळ लागत नाही.

आणखी एक छोटी खूण. प्लेस्टेशन १ च्या डब्याच्या कडेला हिरवी पट्टी किंवा प्लेस्टेशन २ वर लाल पट्टी आणि 'ग्रेटेस्ट हिट्स' असे शब्द असतील, तर ती नंतरची स्वस्त आवृत्ती. खेळायला अगदी तीच, पण संग्राहक तिला सहसा कमी पैसे देतात. खेळायलाच घेत असाल तर तीच घ्या.

मागितलेल्या भावाला खरा भाव समजणं

दुकानात उभ्या उभ्या फोनवर ईबे उघडलं की वर दिसतात त्या लोकांनी मागितलेल्या किमती. जुन्या बाजारात कुणी पितळी समईचे दहा हजार सांगितले म्हणून ती दहा हजारांची होत नाही, तसंच हे. गाळणीत (फिल्टरमध्ये) जाऊन 'सोल्ड आयटम्स' निवडा, म्हणजे खरोखर विकल्या गेलेल्या वस्तू आणि त्यांच्या किमती दिसतील. शेवटचे पाच-सहा सौदे बघा आणि सगळ्यात वरचा सोडून द्या. प्राइसचार्टिंग या संकेतस्थळावरही विक्रीच्या किमतींवरून काढलेले भाव मिळतात, पण तिथे प्रत्येक गेमला निदान तीन भाव असतात: सुटा, खोका-पुस्तिकेसकट पूर्ण आणि सीलबंद. हातात सुटी कॅसेट असताना नजर पूर्णच्या रकान्यावर गेली की फसलात. निन्टेन्डो आणि सुपर निन्टेन्डोचे खोके पुठ्ठ्याचे होते, मुलांनी ते फाडून फेकून दिले. म्हणून कधी कधी रिकाम्या खोक्याला आतल्या कॅसेटपेक्षा जास्त भाव येतो. पुठ्ठ्याचा जुना खोका दिसला तर तो चेपलेला आहे म्हणून मागे ठेवू नका.

विकायच्या हेतूने घेत असाल तर हिशोब घरी नाही, दुकानातच करा. समजा गेम ४० डॉलरला विकला जातो. ईबेचे साधारण १३ टक्के म्हणजे पाचेक डॉलर गेले, टपालाचे पाच, पाकिटाचा एक. उरले २९. दुकानाने २५ लावलेत आणि वर विक्रीकर, म्हणजे दोन-तीन डॉलरसाठी तुम्ही आठवडाभर धावणार. टपाल स्वस्त पडावं म्हणून 'मीडिया मेल' या सवलतीच्या दराने पाठवायचा मोह होतो, पण अमेरिकी टपालखात्याच्या नियमात व्हिडिओ गेम त्या दरात बसत नाहीत.

काचेच्या कपाटात आहे म्हणून अस्सल मानणं

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण इथे माझे ३५ डॉलर गेले आणि मुलाचे तीन आठवडे.

गेम बॉय ॲडव्हान्सचा 'पोकेमॉन एमराल्ड' एका दुकानात काउंटरमागच्या कुलूपबंद कपाटात होता. कुलपात आहे म्हणजे कुणीतरी पारखून ठेवला असेल असं मी मानलं. मुलाने जीव लावून खेळ पुढे नेला आणि एका सकाळी जतन केलेलं सगळं नाहीसं झालं. कॅसेट बनावट होती. दुकानाने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. दानात आलेली वस्तू त्यांनी नावावरून भाव लावून ठेवली, एवढंच. पण त्या दिवशी मुलाचा चेहरा बघून मी ठरवलं की आता डोळे उघडे ठेवूनच घ्यायचं.

तेव्हापासून मी असं बघते. कॅसेट ट्यूबलाइटखाली तिरकी धरते. बहुतेक अस्सल कॅसेटच्या लेबलावर उजवीकडे दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, त्यांना शाई नसते. उजेड कडेने पडला तरच ते दिसतात. मग ती उलटी करून तोंडातून आत बघते. सोनेरी पट्ट्यांच्या लगेच वर, सर्किट बोर्डाच्या कडेला, बारीक अक्षरात निन्टेन्डो हे नाव छापलेलं असतं. बनावट कॅसेटमध्ये तिथे बहुधा काहीच नसतं. एमराल्डचं कवच हिरवं आणि आरपार दिसणारं असतं, त्याच मालिकेतल्या रुबीचं लाल, सफायरचं निळं. अपारदर्शक निघालं तर तिथेच परत करा. लेबलाची छपाई फिकट, पोकेमॉनचं चित्र किंचित कापलेलं, अक्षरांचा ठसा वेगळा, हेही कळायला लागतं. या सगळ्याला अर्धं मिनिट लागतं. काउंटरवरच्या ताईंना सांगितलं तर त्या आनंदाने कपाट उघडून हातात देतात.

बनावट माल सगळ्यात जास्त पोकेमॉनचाच सापडतो. फुटबॉलच्या गेमची नक्कल करायला कोण बसणार?

डबा न उघडणं

उघडा. आत भलतीच चकती असते, किंवा काहीच नसतं. चकतीच्या खालच्या बाजूचे ओरखडे बऱ्याचदा घासून जातात, पण सीडीच्या वरच्या, चित्राच्या बाजूला खोल ओरखडा असेल तर सोडून द्या, कारण माहितीचा थर त्या बाजूलाच, रंगाच्या लगेच खाली असतो. उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढे छेद दिसले तर तीही गेली. प्लेस्टेशन १ च्या अस्सल चकतीची खालची बाजू काळी असते, तिला घाबरू नका. प्लेस्टेशन २ चे काही गेम निळ्या बुडाचे असतात, तेही अस्सलच.

एकाच शेल्फवर आणि चुकीच्या वेळी शोधणं

गेमच्या शेल्फवर सगळेच जातात. मी आधी डीव्हीडींच्या रांगा बघते, कारण डबा सारखाच दिसतो आणि वर्गवारी करणारे घाईत असतात. मग खेळण्यांचा कोपरा, आणि वायरी-रिमोटच्या टोपल्या. गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत कंट्रोलर, मेमरी कार्ड आणि कधी कधी कॅसेटाही निघतात. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी गर्दी कमी असते. विद्यापीठाचं गाव जवळ असेल तर मे महिन्यात चक्कर माराच. मुलं खोल्या रिकाम्या करतात तेव्हा खूप काही दानात येतं.

अशी दुकानं चालवणाऱ्या गुडविलसारख्या संस्थांना काय मौल्यवान आहे ते आता चांगलं कळतं. त्यांची लिलावाची वेगळी वेबसाइट आहे आणि बरेच चांगले गेम तिथेच जातात. म्हणून दुकानात काही मिळालं नाही तर नाराज होऊ नका. काउंटरवर घासाघीसही करू नका. गुडविल १९०२ मध्ये बॉस्टनला एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने सुरू केली ती गरजूंना काम मिळावं म्हणून, आणि आजही विक्रीचा पैसा नोकरीच्या प्रशिक्षणावर खर्च होतो. कॅशियरला किंमत बदलायचा अधिकारही सहसा नसतो. त्या आठवड्यात कोणत्या रंगाच्या टॅगवर सवलत आहे ते विचारा आणि आपल्या वस्तूचा टॅग बघा. घासाघीस करायची तर गॅरेज सेलला, म्हणजे लोक घरासमोर जुन्या वस्तू मांडून विकतात तिथे, करा. तिथे ती चालते, आणि दुपारी आवराआवर सुरू झाली की चांगलीच चालते.

घरी आणलं, चालत नाही

एनईएसचा लाल दिवा सतत लुकलुकत असेल आणि पडदाही त्याच तालात उघडमीट करत असेल, तर यंत्र मेलं असं समजून टाकून देऊ नका. त्यात अस्सल कॅसेट ओळखणारी एक चिप आहे. संपर्क नीट झाला नाही की ती यंत्राला पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. बहुतेक वेळा दोष मळाचा असतो. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडवर घ्या आणि कॅसेटच्या पट्ट्या उभ्या दिशेने पुसा. बोळा काळा येईल. काळा येणं थांबेपर्यंत नवे बोळे घ्या, वाळू द्या, मग लावा. तरीही नाही झालं तर आतला ७२ पिनांचा कनेक्टर साफ करायचा किंवा बदलायचा.

निन्टेन्डोच्या बहुतेक जुन्या कॅसेटा उघडायला साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही, गेमबिट नावाचा ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रू ड्रायव्हर लागतो आणि तो स्वस्तात मिळतो. लेबलावर चिकटवलेला किमतीचा कागद नखाने ओढू नका. हेअर ड्रायरची कोमट हवा द्या, तो सुटतो. लेबलाला अल्कोहोल लावू नका, रंग उतरतो. पहिल्या एक्सबॉक्सचा जुना संच मिळाला तर आतला घड्याळाचा कपॅसिटर गळलेला नाही ना ते आधी बघा. शेवटची आवृत्ती सोडली तर तो गळून बोर्ड खातो.

ॲडॉप्टरची गफलत मात्र महागात पडते. एनईएसच्या मूळ ॲडॉप्टरमधून ९ व्होल्टचा एसी येतो. सेगा कंपनीच्या जेनेसिस या यंत्राच्या पहिल्या मॉडेलला डीसी लागतो, आणि पिन दोन्हीकडे बसते. पिन बसली म्हणून लावू नका. ॲडॉप्टरवर छापलेली ओळ वाचा.

सुट्टीत भारतात न्यायचं असेल तर दोन गोष्टी. अमेरिकेतला जाडा प्लेस्टेशन २, निन्टेन्डो ६४ आणि गेमक्यूब १२० व्होल्टवर चालतात. आपल्याकडच्या २३० व्होल्टला नुसती पिन बदलून लावलं की धूर निघतो, त्यामुळे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सोबत हवा. आणि इथल्या निन्टेन्डोच्या ७२ पिनांच्या कॅसेटा आपल्या लहानपणीच्या यंत्रात बसणार नाहीत. ती यंत्रं जपानी फॅमिकॉमच्या नकला होती, त्यांना ६० पिनांच्या कॅसेटा लागतात. मी दादासाठी उत्साहाने तीन नेल्या होत्या.

आतला बॅटरी सेल संपला म्हणून कॅसेट फेकणं

'पोकेमॉन रुबी' लावल्यावर सेल संपल्याचा निरोप आला तर भिऊ नका. त्यात जतन केलेला खेळ सेलवर अवलंबून नाही. फक्त आतलं घड्याळ थांबतं आणि खेळातली बोरं वाढत नाहीत. 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर'चं तसं नाही. त्यांचा सीआर २०२५ सेल घड्याळही चालवतो आणि खेळही सांभाळतो; तो गेला की सगळं गेलं. कॅसेट मात्र चांगली असते. पत्र्याचे कान जोडलेला नवा सेल डाग देऊन बसवायचा. चिकटपट्टीने दाबून बसवलेला सेल महिन्याभरात हलतो.

गेल्या महिन्यात मिळालेल्या 'सिल्व्हर'मध्ये सेल अजून जिवंत निघाला. कुणाचा तरी १३९ तासांचा खेळ आत होता आणि पथकात १०० व्या पातळीचा टायफ्लोजन नावाचा पोकेमॉन. सेल काढला की तो पुसला जाईल, म्हणून आधी कॅसेट वाचणाऱ्या छोट्या यंत्राने त्याची प्रत संगणकावर उतरवली, मग सेल बदलला आणि ती प्रत परत कॅसेटमध्ये भरली. टायफ्लोजन आहे तिथेच आहे. मुलाने आपला खेळ दुसऱ्या कॅसेटवर सुरू केला.