कृत्रिम हिरवळ धुण्याआधी उलटून पाहावी

गॅलरीत किंवा गच्चीवर कृत्रिम हिरवळ अंथरून देणारा दुकानदार बहुधा एकच आश्वासन देतो, ते म्हणजे या गवताचे काहीच करावे लागत नाही. पाणी घालावे लागत नाही आणि कापावे लागत नाही, एवढे खरे आहे. मात्र मातीत उगवलेल्या गवताखाली पडलेला पालापाचोळा आणि विष्ठा पचवून टाकण्याचे जे काम गांडुळे व जिवाणू करीत असतात, ते येथे करणारे कोणी नसल्यामुळे वरून जे पडेल ते जागच्या जागी साचत राहते. मुंबईत त्यात दमट हवेची भर पडते. गवत वरून मळते, पण खराब होते ते खालून; म्हणून सौम्य साबण कोणता वापरावा या प्रश्नापेक्षा ते पूर्ण वाळते की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

या चटईची घडण थोडी समजून घेतली, तर पुढचे बरेचसे नियम आपोआप पटतात. वरची उभी पाती सहसा पॉलिइथिलीनची असतात आणि त्यांच्या बुडाशी दिसणारी कुरळी, तपकिरी पाती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असतात. ही पाती एका विणलेल्या प्लॅस्टिकच्या कापडात ओवलेली असतात आणि ती निघून येऊ नयेत म्हणून पाठीवर लेटेक्सचा, तर महागड्या प्रकारांत पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो. प्लॅस्टिकच्या पात्यांना साबण, पाणी किंवा पातळ व्हिनेगर सहसा काही करीत नाही. दुबळा भाग आहे तो लेटेक्सचा लेप. तो सतत ओला राहिला की ठिसूळ होतो, त्याची भुकटी होऊ लागते आणि मग झाडताना गवताचे झुपकेच्या झुपके हातात येतात.

म्हणून पहिले काम धुण्याचे नव्हे, पाहण्याचे आहे. गॅलरीतील चटई बहुधा सुटीच अंथरलेली असते. तिचा भिंतीकडचा, सावलीतला कोपरा उचलून उलटा करावा. लादीवर काळसर चिखलाचा पातळ थर, लेटेक्सची राखाडी भुकटी, मुंग्यांनी आणून ठेवलेली माती आणि पाणी निथळण्यासाठी पाडलेल्या भोकांच्या जागी गोल डाग, असे काहीसे दृश्य दिसते. यातली बरीचशी भोके बुजलेली असतात. अगरबत्ती जळून उरलेली काडी त्यांतून वरून खाली सारली, तर ती मोकळी होतात. लोखंडी सळी किंवा स्क्रूड्रायव्हर वापरल्यास भोक फाटते. कुबट वासाचा उगम बहुतेक वेळा याच थरात असतो, आणि तो न काढता वरून कितीही सुगंधी द्रव ओतला तरी दोन दिवसांत वास परत येतो.

नेहमीचे झाडणे सोपे आहे, परंतु झाडू निवडताना एक काळजी घ्यावी. नव्या फूलझाडूचा भुसा पात्यांत असा अडकतो, की गवत झाडण्याऐवजी आपण त्यात कोंडा पेरतो आहोत असे वाटावे. प्लॅस्टिकच्या ताठ केसांचा झाडू किंवा जुना, टोके झिजलेला खराटा चालतो. तारेचा ब्रश मात्र अजिबात वापरू नये, कारण त्याने पाती उभी चिरतात. तळहात फिरवून पाती कोणत्या दिशेला कललेली आहेत ते पाहावे आणि त्याच्या उलट दिशेने झाडावे, म्हणजे कचराही वर येतो आणि खुर्चीखाली दबलेली पातीही उभी राहतात. व्हॅक्यूम क्लीनर असल्यास कमी जोरावर चालवावा, आणि पात्यांमध्ये बारीक वाळू भरलेली असेल तर तो न वापरणेच बरे.

हवेतील धूळ कोणत्या जातीची आहे, यालाही मुंबईत महत्त्व आहे. शेजारी इमारतीचा पुनर्विकास सुरू असेल, तर गवतावर बसणाऱ्या धुळीत सिमेंट असते, आणि त्यावर थेट पाणी मारले तर ते पात्यांच्या बुडाशी घट्ट होऊन बसते. अशा वेळी नाकातोंडाला रुमाल बांधून आधी कोरडेच झाडून घ्यावे. वरळी, वांद्रे, वर्सोवा यांसारख्या समुद्राकाठच्या भागांत याच्या उलट करावे लागते. तेथे वाऱ्याबरोबर येणारे मीठ पात्यांवर बसते, ते हवेतील ओल धरून ठेवते, आणि त्यामुळे गवत दुपारीही चिकट लागते. त्यासाठी साबणाची गरज नसते. पंधरा दिवसांतून एकदा साध्या पाण्याने विसळले तरी पुरते.

धुण्यासाठी रिठ्यासारखे दुसरे साधन नाही, असे माझे मत आहे. आठ-दहा रिठे फोडून बिया काढाव्यात, टरफले एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी हाताने कुस्करून पाणी जुन्या सुती कापडातून गाळून घ्यावे आणि अर्ध्या बादली पाण्यात मिसळावे. गाळणे टाळू नये. रिठ्याचा गर गवतात राहिला तर तो बुरशीचे अन्न होतो. शिकेकाईची पूड याच कारणाने उपयोगाची नाही. रिठे नसतील तर बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाच्या द्रवाचा एक लहान चमचा पुरेसा आहे. जास्त घातल्यास फेस निघता निघत नाही आणि उरलेल्या साबणाच्या थरावर धूळ दुप्पट वेगाने चिकटते. पाणी थंड किंवा कोमट असावे, उकळते कधीही नसावे. कोणताही नवा द्रव प्रथम कुंडीआडच्या कोपऱ्यात लावून, तासभर थांबून पाहावा.

मिश्रण शिंपडून पाच-दहा मिनिटे थांबावे, मऊ ब्रशने पात्यांच्या कलाच्या उलट दिशेने हलके घासावे आणि मग तांब्याने पाणी ओतत विसळावे. दाबाने पाणी मारणारे यंत्र लेटेक्स उखडते, आणि गॅलरीत त्याची आवश्यकताही नसते. महापालिकेचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांत साठलेले पावसाचे पाणी असल्यामुळे ते डाग ठेवत नाही. मात्र बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने पात्यांच्या टोकांवर पांढरी पुटे येतात, तेव्हा शेवटचे विसळणे नळाच्या पाण्याने करावे. धुण्याआधी मोरीच्या जाळीवर जुन्या ओढणीचा तुकडा बांधावा. गळालेले प्लॅस्टिकचे धागे त्यात अडकतात, नाहीतर अनेक इमारतींत गॅलरीचे पाणी पावसाळी नळातून गटारात आणि तेथून थेट समुद्रात जाते. खालच्या मजल्यावर कपडे वाळत घातलेले नाहीत ना, हेही वाकून पाहून घ्यावे, कारण सोसायटीतील अर्ध्या कुरबुरी अशाच सुरू होतात.

आता व्हिनेगरविषयी. बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण चार टक्के आम्ल असते. ते समप्रमाणात पाण्यात मिसळून शेवाळावर, पांढऱ्या पुटांवर आणि वासावर फवारता येते. परंतु गवताखाली संगमरवर, कोटा किंवा जुनी मोझॅकची लादी असेल, तर व्हिनेगर आणि लिंबू दोन्ही वर्ज्य समजावीत, कारण या दगडांतील व सिमेंटमधील चुना आम्लात विरघळतो आणि लादीची चकाकी कायमची जाते. दादर-गिरगावच्या जुन्या घरांत हे विशेष लक्षात ठेवावे. चटई उचलून प्लॅस्टिकच्या टबात किंवा सिरॅमिक टाइल्सच्या मोरीत धुता आली, तर ही अडचण उरत नाही. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस काढण्याची जी पद्धत सर्वत्र सांगितली जाते, ती दिसायला जोरकस असली तरी दोन्ही एकमेकांचा गुण मारतात आणि हाती जवळजवळ नुसते खारट पाणी उरते. दोन्ही वेगवेगळ्या वेळी वापरावेत. ब्लीच मात्र घरात असले तरी या कामाला काढू नये. व्हिनेगरशी त्याचा संयोग झाल्यास क्लोरीन वायू सुटतो आणि मूत्रातील अमोनियाशी झाल्यासही विषारी वाफा निघतात.

डागांमध्ये सणासुदीचे डाग वेगळेच असतात. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती ओली केली की खाली जाऊन बसते, म्हणून ती कोरडी असतानाच व्हॅक्यूमने ओढून घ्यावी किंवा चटई कठड्याच्या आत उभी धरून मागून थापट्या माराव्यात. हळदीचा डाग साबणाने निघाला नाही तरी काळजीचे कारण नाही, कारण हळदीचा रंग उन्हात आपोआप उडतो. दोन-चार दिवस ऊन लागू द्यावे. पणतीचे तेल सांडल्यास घासू नये, प्रथम जुन्या वर्तमानपत्राने टिपून घ्यावे आणि मग साबणाचे पाणी वापरावे. मेणावर बर्फाचा खडा धरला की ते कडक होते आणि बोटाने मोडून काढता येते. च्युइंगगमलाही हाच उपाय आहे. लोखंडी ग्रिलवरून ओघळलेला गंज लिंबाचा रस लावून पंधरा मिनिटांनी धुतल्यास बराच फिका होतो. पणती मात्र गवतावर थेट ठेवूच नये, खाली स्टीलची ताटली घ्यावी. पॉलिइथिलीन सुमारे १२० अंश सेल्सिअसला वितळते, ज्योतीचे तापमान त्याच्या कितीतरी पट असते, आणि एकदा वितळून गोळा झालेली पाती पुन्हा सरळ होत नाहीत. फटाक्यांच्या ठिणग्यांचेही तेच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चटई गुंडाळून आत घेतलेली बरी.

कबुतरांची विष्ठा हा मुंबईतील गॅलरीचा रोजचा विषय आहे. वाळलेली विष्ठा कधीही कोरडी झाडू नये. तिची धूळ श्वासावाटे जाऊन फुप्फुसांना सूज आणणारी ॲलर्जी होऊ शकते. हातमोजे व मास्क घालून तिच्यावर साबणाचे पाणी शिंपडावे, दहा मिनिटे भिजू द्यावे, जाड पुठ्ठ्याच्या तुकड्याने उचलावे आणि नंतर ती जागा धुवावी. घरात कुत्रा असेल तर मूत्रावर तत्काळ तांब्या-दोन तांबे पाणी ओतणे हा सर्वांत सौम्य आणि सर्वांत परिणामकारक उपाय होय. जुन्या वासासाठी पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमयुक्त द्रव उपयोगी पडते, परंतु ते लावून लगेच धुतल्यास पैसे वाया जातात. एन्झाइमला काम करण्यासाठी ती जागा काही वेळ ओली राहावी लागते, तो वेळ बाटलीवर दिलेला असतो. सौम्य वासाला रात्री कोरड्या गवतावर खाण्याचा सोडा भुरभुरावा आणि सकाळी झाडून, विसळून काढावा.

पावसाळ्याविषयी स्पष्टच सांगावे लागेल. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो आणि चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून अधिक पडतो. उघड्या गॅलरीतील चटई या काळात वाळण्याची शक्यता नाही, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस ती धुऊन, दोन्ही बाजूंनी वाळवून, गुंडाळून माळ्यावर ठेवावी. पाठ वाळवताना तासाभराचे सकाळचे ऊन पुरे. लेटेक्सला दुपारचे कडक ऊन सोसत नाही. ओली चटई फार जड होते, तेव्हा ती कठड्यावर टांगण्याऐवजी दोन प्लॅस्टिकच्या स्टुलांवर पसरावी. गच्चीवर चिकटवलेले गवत उचलता येत नाही. तेथे निदान पाण्याची जाळी मोकळी ठेवावी, कुंड्या दर आठवड्याला सरकवाव्यात आणि त्यांच्या ताटल्या रिकाम्या कराव्यात, कारण डेंग्यूच्या डासाची अंड्यापासूनची वाढ जेमतेम आठवडाभरात पूर्ण होते. शेवाळ दिसताच ब्रशने खरवडून काढावे, ते काळे होईपर्यंत थांबू नये. नव्याने गवत घेणार असाल, तर खाली जाळीदार प्लॅस्टिकच्या टाइल्स बसवून घ्याव्यात; बोटभर उंचीने हवा खेळू लागते आणि वर सांगितलेली निम्मी कामे हलकी होतात.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, चटई पुन्हा अंथरण्यापूर्वी पाठीवरून नख ओढून पाहावे. भुकटी निघत असेल आणि चिमटीत धरलेला झुपका सहज सुटून येत असेल, तर धुण्याने काही साधणार नाही. वेगवेगळी प्लॅस्टिके आणि लेटेक्स एकमेकांना चिकटलेली असल्याने या चटईचा पुनर्वापर कारखान्यात करणे अवघड असते. तेव्हा चांगला राहिलेला भाग धारदार कटरने पाठीच्या बाजूने कापून दाराशी पायपुसणे म्हणून किंवा चपलांच्या रॅकवर अंथरण्यासाठी ठेवावा, आणि उरलेला भाग सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात वेगळा बांधून द्यावा.