खोबरेल तेलावरून पेशीपटल कसं समजून घ्यायचं

पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीची भिंत असं डोक्यात बसलं असेल तर आधी ते काढा, ते जेमतेम 5 नॅनोमीटर जाड वाहतं पटल आहे. दोन वाट्या घ्या, एकीत खोबरेल, म्हापशाच्या बाजारातलं घाण्याचं मिळालं तर उत्तमच, दुसरीत सूर्यफुलाचं, आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी खोबरेल एवढं घट्ट की चमचा रुतत नाही, सूर्यफुलाचं मात्र तसंच पातळ. (आमच्याकडे गोव्यात डिसेंबरच्या पहाटे फ्रीजशिवायही बाटलीत पांढरं धरतं.) खोबरेलातल्या फॅटी अ‍ॅसिडच्या शेपट्या, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या, सरळ, झाडूच्या हिरांसारख्या एकमेकींना चिकटतात, सूर्यफुलाच्या शेपट्यांना दुहेरी बंधापाशी बाक असतो मग दाटी जमत नाही. पटलातही हेच चालतं, म्हणून थंड पाण्यातले मासे बाकवाल्या शेपट्या जास्त ठेवतात.

पण वाटीतलं तेल म्हणजे पटल नव्हे हं, हे मुलांना नक्की सांगा. तेलाच्या रेणूला तीन शेपट्या, पटल ज्या रेणूंचं बनतं त्या फॉस्फोलिपिडला दोन आणि वर पाणी आवडणारं डोकं, म्हणून दोन थर होतात, डोकी बाहेर शेपट्या आत. आपल्याच थरात हा लिपिड सेकंदाला साधारण 2 मायक्रोमीटर सरकतो, म्हणजे बॅक्टेरियाच्या या टोकाहून त्या टोकाला! पलीकडच्या थरात कोलांटी मारायला मात्र तासन्‌तास लागतात, कारण डोक्याला मधल्या तेलकट भागातून जावं लागतं, तिथे फ्लिपेज नावाचं प्रोटीन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून त्याला पलीकडे नेतं.