शवविच्छेदन कक्षाचे नूतनीकरण: वास येतो म्हणून पंखा वाढवू नका

फरशी नवी, टेबले नवी, हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखाही नवा, तरी महिन्या-दोन महिन्यांत वासाची तक्रार येते. मग पंख्याचा वेग वाढवतात आणि वास आणखी वाढतो.

दोष बहुधा जमिनीत असतो. हा कक्ष बाहेरच्या पॅसेजपेक्षा कमी दाबावर ठेवलेला असतो, त्यामुळे फट मिळेल तिथून तो हवा ओढतो. नूतनीकरणात टेबलांची जागा सरकते, जुना नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या निचऱ्याचा वाकडा भाग, त्यात साठलेले पाणी गटाराची हवा अडवते) मात्र कोपऱ्यात तसाच राहतो. त्यात पाणी पडेनासे होते आणि ट्रॅपमधले ५० मिलिमीटर पाणी काही आठवड्यांत वाळून जाते. पुढे गटारातली हवा थेट आत येते; पंखा जितका जोरात, तितकी जास्त.

प्रत्येक ट्रॅपमध्ये दोन लिटर पाणी ओता, अर्धा तास थांबा. वास उतरला तर कारण सापडले. एक्झॉस्टमुळे भरलेल्या ट्रॅपमधले पाणी खेचले जाते, असे सांगणारे भेटतात. त्यात तथ्य नाही. ५० मिलिमीटर पाणी पेलायला सुमारे ४९० पास्कल लागतात आणि कक्षाच्या दाबातला फरक साधारण २.५ ते १५ पास्कल असतो. नको असलेला ट्रॅप वरून फरशी लावून झाकू नका. मुख्य पाइपापाशी तोडून तिथेच बंद करा.

हवेचा हिशेब टेबलापासून सुरू करा

ॲश्रे १७० या रुग्णालयांच्या वायुवीजनाच्या अमेरिकी मानकात शवविच्छेदन कक्षासाठी तासाला किमान १२ वेळा हवाबदल, त्यातले २ बाहेरच्या हवेचे, आणि आतली सगळी हवा थेट इमारतीबाहेर असा नियम आहे. ६ × ५ × ३ मीटरच्या कक्षाचे आकारमान ९० घनमीटर, म्हणजे तासाला १,०८० घनमीटर. बरेच जण इथेच थांबतात. पण खालून हवा ओढणारी दोन टेबले असतील आणि समजा प्रत्येकी तासाला ८०० घनमीटर लागत असतील, तर गरज १,६०० ची होते. डक्ट १,०८० चाच असेल तर दोन्ही टेबले अर्धवट ओढतात आणि फॉर्मेलिन (नमुने टिकवायला वापरतात ते फॉर्मल्डिहाइडचे द्रावण) डोळ्यांना झोंबते. फॉर्मेलिनची वाफ जड असते, ती आपोआप खाली जाईल, या भरवशावर राहू नका. फॉर्मल्डिहाइडची घनता जवळपास हवेइतकीच आहे. ते उगमापाशीच पकडावे लागते. म्हणूनच सप्लायचा, म्हणजे आत सोडल्या जाणाऱ्या हवेचा, डिफ्यूझर (छतातली जाळी) टेबलाच्या नेमका वर नको, त्याचा झोत टेबलाची ओढ मोडतो.

सप्लाय एक्झॉस्टपेक्षा १० ते १५ टक्के कमी ठेवा, म्हणजे १,६०० ला साधारण १,४००. जुना ९०० चा सप्लाय तसाच ठेवला तर दार उघडायला जोर लागतो आणि फटींतून शिट्टी वाजते. उलट एक्झॉस्टचा फिल्टर तुंबला की दाब हळूहळू उलटतो. दाराच्या खालच्या फटीशी टिश्यूची पट्टी धरा. ती आतच झुकली पाहिजे. भिंतीवर दाबमापक असला तरी ही पट्टी रोज धरावी.

शीतकक्ष

साधा कक्ष २ ते ४ अंश सेल्सिअस, दीर्घ साठवणीचा उणे २० च्या आसपास. उणे तापमानाच्या कक्षात डिफ्रॉस्टच्या, म्हणजे वितळलेल्या बर्फाचे पाणी नेणाऱ्या, पाइपाला हीटर नसेल तर पाणी आतच गोठते आणि कॉइलखाली बर्फाची लादी तयार होते. त्या पाइपाचा ट्रॅप थंड भागाच्या बाहेर ठेवा आणि शेवट गटाराला न जोडता हवेतली फट सोडून वर संपवा. कंडेन्सर बंद खोलीत कोंबला असेल तर कंप्रेसर भर दुपारीच ट्रिप होतो; गॅस भरून तो दोष जात नाही.

पाणी आणि वीज

टेबलावरची होज भरल्या सिंकमध्ये बुडालेली असताना पुरवठ्याचा दाब गेला, तर घाण पाणी उलटे पाइपात शिरते. या लाइनीवर उलटे पाणी अडवणारा, मध्ये कमी दाबाचा कप्पा असलेला (RPZ) बॅकफ्लो प्रिव्हेंटर हवा, आणि तो फॉल्स सीलिंगवर लपवू नका. तो पाणी सोडतो तेव्हा खाली निचरा लागतो. करवतीचे सॉकेट जलरोधक आणि ३० मिलिअँपिअरच्या गळती-संरक्षणावर असावे, शक्यतो वरून लटकते.

ताबा घेण्याआधी मुख्य वीज बंद करून जनरेटरवर पाहा. एक्झॉस्ट आधी सुरू झाला पाहिजे, सप्लाय नंतर. मग एक्झॉस्ट मुद्दाम बंद करा: सप्लाय लगेच थांबला नाही तर इंटरलॉकची, म्हणजे एक्झॉस्ट बंद होताच सप्लाय बंद करणाऱ्या जोडणीची, वायरिंग राहिलेली आहे.