स्प्लेंडरच्या क्लच कव्हरमधून ऑइल गळतंय? पॅकिंग घरीच असं बदला

गाडी रात्रभर उभी असते आणि सकाळी उजव्या बाजूला इंजिनखाली फरशीवर काळा डाग दिसतो. स्प्लेंडर, पॅशन किंवा जुन्या सीडी 100 मध्ये हे दुखणं नेहमीचंच, कारण या गाड्यांची इंजिनं एकाच वाणाची आहेत: 97.2 सीसी, आडवा सिलिंडर, उजवीकडे क्लच. सीडी 100 भारतात 1985 मध्ये आली, स्प्लेंडर 1994 मध्ये. क्लच कव्हर आणि इंजिन यांच्यामध्ये एक कागदी पॅकिंग असतं (दुकानदाराला 'गॅस्केट' म्हटलं तरी कळतं). उष्णतेने ते वाळतं, चिवटपणा जातो आणि ऑइल पाझरायला लागतं. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र स्वतः हात लावू नका.

आधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधा

बरेच जण इथेच फसतात. ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे जिथे थेंब लटकतो तिथूनच ते निघालंय असं नसतं. थंड इंजिन रॉकेल किंवा डिझेल लावलेल्या ब्रशने घासा, फडक्याने कोरडं करा आणि संशयाच्या जागी अंगाला लावायची पावडर भुरभुरा. गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणा. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उमटेल. त्या रेघेचं सगळ्यात वरचं आणि पुढचं टोक हीच गळतीची जागा.

रेघ किकच्या दांड्याभोवती निघाली तर दोष पॅकिंगचा नाही, किकच्या ऑइल सीलचा (दांड्याभोवतीच्या रबरी रिंगचा) आहे. ड्रेन बोल्टपाशी (इंजिनच्या तळाचा, ऑइल काढायचा बोल्ट) ओलं असेल तर फक्त वायसर बदलायचा. वर हेडवरच्या टॅपेटच्या (व्हॉल्व्हच्या) झाकणांपाशी असेल तर त्यांची रबरी रिंग. आणि सगळीकडूनच थोडं थोडं पाझरत असेल तर ऑइल जास्त भरलंय का आणि ब्रीदरची (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी) नळी तुंबली आहे का, ते आधी पाहा. इंजिनच्या आतला दाब बाहेर पडला नाही तर नवं पॅकिंगही महिन्याभरात ओलं होणार.

सामान

तुमच्या मॉडेलचं क्लच कव्हर पॅकिंग, किकचं ऑइल सील, ड्रेन बोल्टचा वायसर आणि 10डब्ल्यू-30 ग्रेडचं ऑइल. डब्यावर 'जासो एमए' (मोटरसायकलच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं पाहून घ्या. या गाडीत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे कारचं ऑइल ओतलं तर क्लच घसरू शकतो. हत्यारांत 8 नंबरचा टी-पाना, ड्रेन बोल्टला 17 नंबर, किक आणि फूटरेस्ट सोडायला त्यांच्या मापाचे पाने, रबरी हातोडी. पॅकिंग घेताना गाडीचं साल सांगा. दिसायला सारखं पॅकिंग एखाद्या भोकात मार खातं.

खोलणं

गाडी मेन स्टँडवर. इंजिन कोमट असताना ऑइल पसरट भांड्यात काढा, मग इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. किक, फूटरेस्टची पट्टी आणि आड येत असेल तर सायलेन्सर काढा. सायलेन्सर काढलाच तर हेडजवळची गोल रिंगही नवी टाका. क्लच केबल सैल करून कव्हरवरच्या दांडीतून सोडवा. दांडी कुठल्या कोनात आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता कव्हरचे बोल्ट. हे दिसायला एकसारखे, पण लांबीने वेगवेगळे असतात. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, बोल्टच्या जागी भोकं पाडा आणि काढलेला प्रत्येक बोल्ट लगेच त्याच्या भोकात खोचा. आखूड भोकात लांब बोल्ट गेला तर तो तळाला टेकतो: पाना घट्ट लागतो, कव्हर मात्र दाबलं जात नाही. आणखी जोर केला की केसिंगला तडा. उलट झालं तर दोनच आट्यांवर सगळा भार येतो आणि आटे जातात. जुन्या सीडी 100 ला बोल्टऐवजी स्क्रू असतील तर साध्या स्क्रू ड्रायव्हरने झगडू नका, डोकं गोल होतं. इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने स्क्रू फिरवणारं हत्यार) आणा.

कव्हर चिकटून बसलेलं असेल. कडेने रबरी हातोडीने टकटक करत फिरा, सुटतं. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. ॲल्युमिनियम मऊ असतं, एक ओरखडा पडला तरी तिथून कायमची गळती. उरलंसुरलं ऑइल सांडेल, म्हणून भांडं खालीच राहू द्या. कव्हर नेमकं जागेवर बसवणाऱ्या दोन पोकळ डॉवेल पिना असतात. त्या कव्हरबरोबर आल्या की इंजिनातच राहिल्या, ते पाहा.

साफसफाई, म्हणजे खरं काम

नवं पॅकिंग बसवायला पाच मिनिटं लागतात. जुनं खरवडायला तासभर सहज जातो आणि तो द्यावाच लागतो. आधी क्लचभोवती स्वच्छ फडकं कोंबा, म्हणजे कागदाचे तुकडे आत पडणार नाहीत. चिकटलेल्या पॅकिंगवर थिनरचा बोळा थोडा वेळ दाबून ठेवा (दारं-खिडक्या उघड्या, आसपास आग नको). मग प्लास्टिकच्या पट्टीने किंवा आडव्या धरलेल्या ब्लेडने हळूहळू काढा. छिन्नी, हॅक्सॉचं पातं, पॉलिश पेपर काहीही नको. शेवटी डोळे मिटून बोट फिरवा. डोळ्यांना न दिसणारा खडा बोटाला लागतो.

कव्हर उघडंच आहे तर तळाची ऑइलची जाळी ओढून धुऊन घ्या. सेंट्रिफ्यूगल फिल्टरही (गरगर फिरून ऑइलमधला गाळ वेगळा करणारा) साफ करता येतो, पण त्याच्या झाकणाचं पॅकिंग वेगळं घ्यावं लागतं.

बसवणं

किकचं जुनं सील काढून नवं सरळ, सम पातळीत दाबा, त्याच्या ओठावर थोडं ऑइल लावा. डॉवेल पिना जागेवर, त्यांवर पॅकिंग. पॅकिंगला ग्रीसचा अगदी पुसट हात दिला की ते जागचं हलत नाही, पुढच्या वेळी निघतंही सहज. ॲनाबाँडसारखी फट बुजवायची पेस्ट जाड थापायची सवय गॅरेजमध्ये सर्रास दिसते. माझं मत विरोधात आहे. आतल्या बाजूला दबून आलेली पेस्ट तुटते आणि तळाच्या ऑइलच्या जाळीत जाऊन अडकते. पृष्ठभागाला खड्डाच असेल तर तेवढ्यापुरता पातळ हात, तोही कव्हरच्या बाजूने.

कव्हर हाताच्या दाबानेच पूर्ण टेकायला हवं. टेकत नसेल तर बोल्टने खेचू नका, क्लचची दांडी आणि डॉवेल पुन्हा पाहा. सगळे बोल्ट आधी बोटांनी, मग समोरासमोरचे असे फिरत दोन-तीन फेऱ्यांत घट्ट करा. 6 मिलिमीटरच्या या बोल्टना साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतं. टॉर्क पाना (जोर मोजून आवळणारा) नसेल तर टी-पान्याला मनगटाचाच जोर द्या, खांद्याचा नको.

बाकीचे भाग लावा, ड्रेन बोल्ट नव्या वायसरसह कसा आणि मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच ऑइल भरा. क्लच लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा आणि डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी बघा. एक फेरी मारून या आणि रात्री इंजिनखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी एखाद-दुसरा थेंब दिसला तर बोल्ट आणखी आवळत बसू नका. आधी पुसून घ्या, सांडलेलं जुनं ऑइल फटीतून ओघळत असतं. दुसऱ्या दिवशीही ओलं दिसलं तर पावडर पुन्हा लावा.

काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या. गटारात ओतू नका.