मारुती ८०० च्या प्लगचा गॅप घरच्या घरी कसा लावावा

कार्बुरेटरवाल्या जुन्या मारुती ८०० मध्ये स्पार्क प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावा लागतो. हॅक्सॉ ब्लेड घालून गॅप लावणारे मेकॅनिक अजून भेटतात. ते ब्लेड ०.६५ मिलिमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे तिथेच गॅप कमी राहिला. दुसरा सल्ला, ‘नवा प्लग खोक्यातून काढून सरळ बसवा, कंपनीतून लावूनच येतो.’ तोच प्लग वेगवेगळ्या गाड्यांना जातो, आणि प्रवासात खोकं आपटलेलं असतं ते वेगळंच. नवा प्लगसुद्धा मोजूनच घाला.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. प्लग बसतात ते इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं आहे. गरम असताना प्लग ओढून काढला तर आटे जातात. वायरी टोपी धरून काढा, प्लगभोवतीची धूळ सायकलच्या पंपाने उडवा, मग पाना लावा. तिन्ही प्लग कुठल्या सिलिंडरचे ते ओळीने मांडून ठेवा. प्लगचं टोक फिकट विटकरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर मिक्श्चर जड आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय, ते गॅप लावून सुटणार नाही. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर तारेचा ब्रश घासू नका, धातूच्या रेघा उमटतात आणि करंट तिकडून पळतो.

आता गॅप. खरं काम इथेच आहे, आणि मी फसलो तेही इथेच.

प्लगला मध्ये एक दांडी असते आणि तिच्यावर बाहेरून वाकून आलेली पट्टी. वाकवायची ती फक्त पट्टी. गॅप जरा जास्तच कमी झाला म्हणून मी एकदा स्क्रू ड्रायव्हर मधल्या दांडीवर टेकवून पट्टी उचकटली. आवाज नाही, काही नाही, गॅपही बरोबर आला. पण खंबाटकी घाट चढताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गचके खायला लागली. चार दिवस मी डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागातले) पॉइंट, कार्बुरेटर, वायरी पाहत बसलो. शेवटी भिंगाखाली पाहिलं तेव्हा दांडीभोवतीच्या चिनी मातीत केसाएवढी चीर दिसली. म्हणून बजावून सांगतो, दांडीला टेकू देऊन काहीही उचकटू नका.

गॅप कमी करायचा असेल तर प्लग उभा धरून पट्टी कठीण लाकडावर हलकेच टेकवा. ठोकायचं नाही, पाटावर बोट वाजवतो तेवढाच जोर. एकदा टेकवा, मोजा, पुन्हा टेकवा. वाढवायचा असेल तर गॅप लावायच्या हत्याराची खाच पट्टीत अडकवून पट्टीच बाहेर ओढा. ती वाकवल्यावर किंचित मागे येते, त्यामुळे हात सोडूनच मोजायचं.

मी ०.७५ लावतो. साध्या फिलर गेजमध्ये (फट मोजायच्या पातळ पत्र्यांच्या जुडग्यात) ते पान बहुधा नसतं, ०.७० आणि ०.०५ ची पानं तेल पुसून एकत्र धरा. किंचित घासत सरकली पाहिजेत. मग ०.८० चं पान घालून बघा, ते जाता कामा नये. हे जुळलं तरी प्लग खिडकीच्या उजेडात आडवा धरा. फटीतून दिसणारी उजेडाची रेघ दोन्ही टोकांना सारखी जाड हवी. एकीकडे निमुळती असेल तर पट्टी तिरकी आहे.

जुन्या प्लगात आणखी एक गोची आहे. ठिणगीने पट्टीच्या आतल्या बाजूला खळगा पडतो. सपाट पान त्या खळग्याच्या कडांवर टेकतं आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी दाखवतं. तिथे गोल तारेचं गेज वापरा, किंवा बारीक कानशीने दोन्ही तोंडं सपाट करून मग मोजा. कडा गोल झाल्या असतील तर मी मोजतही बसत नाही, तिन्ही प्लग नवे घालतो. इरिडियमच्या प्लगला मात्र कानस लावायची नाही, त्याची दांडी फार नाजूक असते.

गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ती गरज आणखी वाढते. म्हणून उभ्या गाडीत सगळं छान वाटतं आणि घाटात मिसिंग येतं, म्हणजे ठिणगी चुकून गाडी गचके खाते.

प्लग बसवताना आधी पाना नाही, बोटांनी शेवटपर्यंत फिरवा. अडला तर उलटा काढून पुन्हा सुरुवात करा. वायसर टेकल्यावर नवा प्लग पान्याने अर्धा फेरा किंवा जरा जास्त, पण पाऊण फेऱ्याच्या आत आवळा, जुना जेमतेम किंचित. वायरी जागच्या जागी लावा.

एवढ्यावरही एक सिलिंडर मारत नसेल तर त्याचा प्लग शेजारच्यात घाला. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर दोष प्लगचा, तिथेच राहिलं तर वायर किंवा डिस्ट्रिब्युटरची टोपी तपासा.