सांगितलेल्या वारी परत जायचं: घरभेटींच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत, तिसऱ्या भेटीला, आजींनी मला चहा टाकायला सांगितलं. गुडघे धरले होते, त्यांना उठवत नव्हतं. फळीवर दोन सारखे डबे होते आणि मी चुकून दुसरा उघडला. आत चहापत्ती नव्हती. बीपीच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा होत्या, रबर लावून नीट रचून ठेवलेल्या. मोजल्या तर ७४ गोळ्या. तीन महिन्यांत उपकेंद्रातून त्यांना ९० गोळ्या मिळाल्या होत्या. माझ्या वहीत मात्र दोन्ही भेटींच्या पुढे ‘औषध नियमित’ असं लिहिलेलं होतं.

“आजी, ह्या घेतल्या नाहीत?”

“घेतंय गो बाय. चक्कर इली की घेतंय.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “पावसात कोण आणून देतलो?”

कोकणात पावसाळ्याची बेगमी हा घरोघरीचा रिवाज. कुळीथ, सुकी मासळी, आमसुलं, जळाऊ लाकडं सगळं मेअखेर भरून ठेवायचं. आजींनी गोळ्यांचीही बेगमी केली होती. वाडीकडे येणाऱ्या रस्त्यावरचा कॉजवे पावसात पाण्याखाली जातो, गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई पलीकडच्या वाडीत राहतात, रिक्षाला पैसे नाहीत. त्यांचा हिशेब चोख होता. चुकलं होतं ते माझं. दोन भेटींत मी विचारलं, “औषध घेता ना?” आणि त्या “हो” म्हणाल्या. असं विचारलं की सगळेच हो म्हणतात.

मी मूळची साताऱ्याकडची, पुण्यात एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी केली आणि गेली सात वर्षं सिंधुदुर्गात एका लहान संस्थेतर्फे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरभेटी करते. दरवर्षी दोन-तीन नवी मुलंमुली कामाला येतात. त्यांना पहिल्या आठवड्यात जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

गरिबी दिसत नाही

शहरातून आलेल्याला पहिला धक्का बसतो तो घर बघून. चिऱ्याचं मोठं घर, पडवी, पुढे सारवलेलं खळं, मागे आंब्याची कलमं. यांना कसली मदत लागणार? पण सातबारा सामाईक, त्यावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. कलमं कराराने दिलेली, पैसे वाटून हाताशी फार थोडे राहतात. मुलगा लालबागला किंवा विरारला, त्याचंच भागत नाही. घरात एकटी म्हातारी, रेशनचा तांदूळ आणि परसातली भाजी. तिचं दुखणं शेजाऱ्याला कळत नाही, कारण शेजारचं घरही बंद आहे.

म्हणून घर बघून अंदाज बांधू नका. चुलीकडे बघा. काल काय शिजवलं होतं हे बोलता बोलता विचारा. सलग तीन दिवस भात एकदाच शिजवलेला आणि दोन्ही वेळा तोच खाल्लेला, असं असेल तर ती सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे.

शिक्षण कोणतं

या कामाला एकच वाट नाही. एमएसडब्ल्यू केलंत तर दोन वर्षांत आठवड्यातले काही दिवस क्षेत्रकार्य असतं, ते मनापासून करा. मुंबईतली टाटा संस्था १९३६ पासून समाजकार्य शिकवते, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. बीएससी नर्सिंग किंवा बीएएमएस झालेल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रावर काम करता येतं. आणि २००५ पासून गावागावात आशा आहेत, साधारण हजार वस्तीमागे एक. आशाताईंना पगार नाही, मोबदला मिळतो, तोही अनेकदा उशिरा. आपण पदवी घेऊन जातो आणि त्यांच्यावर हुकूम सोडायला लागतो. हे कृपा करून करू नका. वाडीतल्या कोणत्या घरात कोण कोणाशी बोलत नाही, हे त्यांनाच माहीत असतं आणि अर्धं काम त्यावरच चालतं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं तेव्हा गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं आणि त्यांनी घरातच नवजात बाळांची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले. ही दोन उदाहरणं मी नव्या मुलांना मुद्दाम सांगते, म्हणजे पदवीचा ताठा पायरीपाशी उतरतो.

पहिली भेट

पिशवीत बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या, टॉर्च, जाड मार्कर, नेलकटर. नेलकटर का, ते दोन-चार घरांत गेलात की कळेल. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्या पायाची नखं महिनोन् महिने कुणी कापलेली नसतात, आणि शुगर असलेल्या माणसाच्या पायाला नखामुळे झालेली जखम पुढे फार महागात पडते. पाय बघायचे. बोटांच्या बेचक्यात, टाचेखाली, टॉर्च लावून. पण शुगरवाल्याचं नख जाड किंवा आत वळलेलं दिसलं तर स्वतः कापू नका, सिस्टरला दाखवा.

बीपी मोजायची घाई करू नका. तुम्ही आलात म्हणून आजी विहिरीवरून लगबगीने आलेल्या असतात. त्यांना पाठ टेकून, पाय जमिनीला लागतील असं बसवा, पाच मिनिटं बोलू नका, हात टेकवा, पट्टा उघड्या दंडावर बांधा. दोनदा मोजा. आकडा जास्त आला तरी चेहरा पाडू नका. तुमच्या चेहऱ्याकडे त्यांचं बारीक लक्ष असतं.

उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सिंधुदुर्ग सुरुवातीपासून आहे, त्यामुळे महिन्याभराची गोळी उपकेंद्रापर्यंत येते. उपकेंद्रापासून आजीच्या तोंडापर्यंतची वाट आपली. आता मी “घेता ना?” असं विचारत नाही. “डबा आणा बघू” म्हणते आणि गोळ्या मोजते. उरलेल्या जास्त निघाल्या तर रागवत नाही, कशासाठी ठेवल्या ते विचारते. कुणी पावसासाठी ठेवतं, कुणी ‘गोळीने अशक्तपणा येतो’ म्हणून अर्धी घेतं. एका घरात तर नवऱ्याच्या गोळ्या दोघांत वाटून घेत होते, कारण तपासणीला दोघांनी जायचं तर रिक्षाचं भाडं परवडत नव्हतं.

दुसरी भेट

हे मी सगळ्यात जास्त वेळ सांगते.

पहिल्या वर्षी मी एका आजोबांना म्हटलं, “मंगळवारी येते, कागद काढून ठेवा.” निराधार योजनेचा अर्ज भरायचा होता. सोमवारी संध्याकाळी बैठकीचा निरोप आला आणि मंगळवारी मी तालुक्याला गेले. त्यांच्या वाडीत रेंज नव्हती. शेजारणीने नंतर सांगितलं, आजोबा सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन दुपारपर्यंत खळ्यात बसून होते. जेवले नाहीत, कारण मी आले आणि ते ताटावर असले तर बरं दिसणार नाही.

पुढे दोन महिने त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. “माका कायएक नको.” मी दर मंगळवारी जात राहिले. यंत्र काढलं नाही, अर्जाचं नाव काढलं नाही. पायरीवर दहा मिनिटं बसायचं, पाऊसपाणी विचारायचं, निघायचं. एका मंगळवारी त्यांनी न बोलता सदऱ्याची बाही वर सरकवली आणि हात पुढे केला. बीपी १८० च्या वर होतं. माझ्या एका चुकलेल्या मंगळवारापायी त्या माणसाने दोन महिने तसे काढले होते.

एकट्या माणसाला आठवड्यात तुम्ही सोडून कुणीच येणार नसतं. त्यामुळे ‘बघते’, ‘जमलं तर येते’ असं म्हणा, पण जमणार नसेल तर वार सांगू नका. वार सांगितला की जा. अगदीच अडलात तर पोस्टमन, दूधवाला, एसटीचा कंडक्टर, कुणाहाती तरी निरोप पाठवा. माझ्याकडे आता प्रत्येक वाडीत निरोप पोचवणाऱ्या एका माणसाचा नंबर आहे.

कागद

खरं तर अर्धं आरोग्य तहसील कचेरीत अडकलेलं असतं. पासष्टच्या आतल्या निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, पासष्टच्या पुढे श्रावणबाळ. महिन्याला १५०० रुपये, सरळ खात्यात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो आणि इथेच गाडी अडते, कारण रेशनकार्डावर मुंबईच्या मुलाचं नाव अजून आईबरोबरच असतं. आधी रेशनकार्ड विभक्त करा, मग उत्पन्नाचा दाखला, मग अर्ज. हा क्रम चुकला की सहा महिने गेले. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो राहिला की अनुदान गुपचूप बंद होतं. त्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पैसे खात्यात आले तरी बँक पंधरा किलोमीटरवर. इथे पोस्टमन देवासारखा. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं यंत्र घेऊन तो घरी येतो, आधारला जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर पैसे काढून देतो. शेणात, मातीत, चुलीत आयुष्य गेलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, हा नेहमीचा घोळ. आदल्या रात्री बोटांना खोबरेल लावून ठेवा, सकाळी साबणाने धुवा, दुसरं बोट लावून बघा. आमच्याकडे बऱ्याचदा असं जमतं.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून रुग्णालयातल्या मोफत उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. ते कार्ड दुखणं येण्याआधी काढून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, गेल्या गेल्या त्याला गाठा. पण या योजना मुख्यतः दाखल झालेल्यासाठी आहेत. रोजची गोळी, रिक्षाचं भाडं, सोबत जाणारं माणूस यात बसत नाही, आणि माणसं इथेच खचतात. आम्ही तालुक्याच्या तपासणीला एका वाडीतले चौघेपाचजण एकाच दिवशी, एकाच रिक्षाने नेतो. भाडं वाटून जातं आणि जाता-येता गप्पा होतात. एक आजी मला म्हणाल्या, दवाखान्यापेक्षा त्या रिक्षानेच बरं वाटलं. ते खरं आहे असं मला वाटतं.

एकटेपणा

आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा तपासणी फॉर्म भरतात. त्यात गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, कशात रस वाटत नाही असं झालं का, हे दोन प्रश्न आहेत. घाईत तिथे ‘नाही’वर खूण होते. तुम्ही ते सावकाश विचारा, त्यांच्या बोलीत विचारा. “जीव रमता मां?” एवढं विचारलं की कधी कधी डोळ्यांना पदर लागतो. तेव्हा समजावायला जाऊ नका, बसून राहा. मरणाची भाषा आली तर मात्र एकटीने निभावू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर त्यांच्याजवळ बसूनच फोन लावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही वेगळी हेल्पलाइन आहे. दोन्ही नंबर मार्करने मोठ्या अक्षरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललेली गोष्ट अगदी साधी आहे. जवळच्या दोन घरांतल्या दोघींना एकाच वेळी गोळी घ्यायला लावायची. रात्री जेवण झालं की एक दुसरीच्या पडवीत जाते, दोघी मिळून गोळी घेतात. गोळ्याही संपतात आणि कोणी पडलं-झडलं तर त्याच रात्री कळतं. ७४ गोळ्यांच्या आजी आता अशाच जातात, हातात टॉर्च आणि कनवटीला गोळी.

स्वतःच्या खिशातून पैसे द्यावेसे वाटतील. मीही दिले. एका घरात दिले की वाडीत कळतं आणि मग तुमची वाट पैशांसाठी पाहिली जाते. लागेल तिथे संस्थेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वाटेने मदत मिळवा. आणि आठवड्यातून एकदा सहकाऱ्यांपैकी कुणाशी तरी सगळं बोला. ज्यांच्या घरी दर आठवड्याला जात होतात त्यांच्या पायरीवर एक दिवस पांढरा सदरा वाळत नसतो, ते माणूस गेलेलं असतं. ते घरी घेऊन गेलात तर झोप येत नाही.

गणपती

कोकणात कामाला येत असाल तर हे लक्षात ठेवा. वर्षभर फोनवर न सापडणारे मुलगे गणपतीला घरी असतात, पाच किंवा सात दिवस. रेशनकार्डाची सही, सामाईक खात्याची संमती, आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कधी न्यायचं, सगळं त्याच दिवसांत. चतुर्थीच्या दिवशी जाऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारी, आरती-जेवण उरकल्यावर जा, भरलेला अर्ज आणि पेन घेऊन. आईची तक्रार मुलापुढे मांडू नका, त्याला आधीच अपराधी वाटत असतं. गोळ्या कुठे ठेवायच्या, कधी द्यायच्या एवढंच दाखवा आणि महिन्यातल्या कोणत्या दिवशी तो फोन करील ते त्याच्याकडूनच ठरवून घ्या.

यंदाच्या गणपतीसाठी माझ्या वहीत नऊ घरं आहेत. कोणाचा मुलगा कोणत्या गाडीने येतो ते आशाताईंनी समोर लिहून दिलंय. मंगळवारच्या आजोबांचा मुलगा तुतारी एक्सप्रेसने कुडाळला उतरणार आहे, आणि कागदांची ती पिशवी पुन्हा खुंटीवरून खाली आली आहे.