ॲपवर जावानीज लिपी शिकवताय? या चुका टाळा

इंडोनेशियात जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरात रस्त्यांच्या पाट्यांवर लॅटिनसोबत जावानीज लिपीही असते. गाइड, हॉटेलातली माणसं, बाटिकचे (मेणाने नक्षी काढून रंगवलेल्या कापडाचे) दुकानदार यांना ती मोबाइलवरून शिकवणं उत्तमच. पण धड्यांत त्याच त्या चुका बघून वीट आलाय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे एका कार्डावर एकच शब्द. या लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. आपल्यासारखाच व्यंजनात स्वर मुरलेला असतो. तो घालवायला पुढचं व्यंजन खाली जोडतात, त्याला पासांगान म्हणतात. पाय मोडायची खूण, पांगकोन, परंपरेने वाक्याच्या शेवटी येते. आणि जोडाक्षर शब्दाची हद्द मानत नाही! 'बाटिक तुलिस', म्हणजे हाताने चितारलेलं बाटिक, लिहिताना 'क'खाली 'त' लटकतो आणि उकार त्या 'त'ला लागतो. पांगकोन फक्त शेवटच्या 'स'ला.

योग्यकर्त्यातल्या मालिओबोरो या बाजाराच्या रस्त्याजवळच्या एका दुकानातल्या पोरांनी हे शब्द ॲपमधून सुटे उचलले, मध्ये स्पेस मारली आणि बोर्ड छापून आणला. पांगकोननंतर लगेच व्यंजन टाइप केलं तर पासांगान आपोआप बनतं. मध्ये स्पेस आली की पांगकोन उघडाच राहतो. जाणकार माणूस 'बाटिक'पाशी वाक्य संपलं समजून अडखळायचा. बोर्ड नव्याने करावा लागला, भुर्दंड मालकाला. म्हणून मी सुरुवातीपासून शब्दांच्या जोड्याच देतो, त्याही आधी कागदावर गिरवून घेतो. आठवड्यात पाटी लिहायची घाई असलेल्यांना हे नको असतं. त्यांना मी पाटी लिहू देत नाही. रस्त्यावरच्या वाचून या म्हणतो.

लॅटिनमधलं इंडोनेशियन स्पेलिंग लिपी बदलणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये टाकू नका. त्यात 'बाटिक'चा ट आणि 'तुलिस'चा त एकाच अक्षराने लिहितात. जावानीजमध्ये ती दोन वेगळी अक्षरं आहेत. मराठी कानाला हा फरक लगेच कळतो, कन्व्हर्टरला नाही. 'साते'मधला ए आणि 'केम्बांग'मधला पुसट स्वर यांचाही असाच घोळ होतो. जावानीज बोलणाऱ्याकडून शब्द म्हणवून घ्या, मगच लिहा.

या लिपीतली 'मुर्दा' नावाची खास अक्षरं म्हणजे कॅपिटल नव्हेत, ती मानाच्या नावांसाठी असतात.

एकचा आकडा 'ग'सारखा, सातचा 'ल'सारखा दिसतो. म्हणून किमतीच्या दोन्ही बाजूंना पादा पांगकात ही खूण हवीच.

जुन्या फॉन्टमधले धडे फेकून द्या. ही लिपी २००९ पासून युनिकोडमध्ये आहे. तरी लॅटिन कळांवर चिकटवलेले फॉन्ट वापरले तर दुसऱ्या फोनवर, आपल्या कृतिदेवसारखा, नुसता कचरा दिसतो.